किती देते?

नवी गाडी दारात आली की आमच्याकडे पेढा तोंडात टाकायच्या आधी एक प्रश्न विचारला जातो. किती देते? म्हशीबद्दल विचारावा त्याच आवाजात विचारतात, आणि समोरचा माणूसही गोंधळत नाही. एका लिटरमागे किती किलोमीटर जाते, एवढाच त्याचा अर्थ. त्या आकड्याला आम्ही अ‍ॅव्हरेज म्हणतो. अ‍ॅव्हरेज असणं ही फक्त गाडीच्या बाबतीत अभिमानाची गोष्ट आहे. मुलाबद्दल कुणी हा शब्द वापरला तर त्या घराशी बोलणं बंद होतं.

माझ्या चुलत भावाच्या गाडीमुळे ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आली. मी ते लेखी दिलं. ते चुकलं, आणि चुकीची किंमत मला नाही, दुसऱ्याच एका माणसाला मोजावी लागली.

हा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो. आमच्या वडिलांची भातशेती खाडीच्या एकाच बांधाला लागून होती. शहर आलं, शेती गेली. मोबदल्यातलं माझ्या वाट्याचं शिक्षणात आणि नेरूळच्या फ्लॅटमध्ये मुरलं, दादाच्या वाट्याचं करंजाड्यात इमारती होऊन वर आलं. मी महाप्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मोजमापाची उपकरणं तपासली. काटा दाखवतो ते खरं आहे का, हे पाहायचं आणि सही करायची. गावात कुणालाच हे काम नीट समजलं नाही. दादा लोकांना सांगायचा, "आमचा हा वजनकाटेवाला."

गाडी होती पिकअप. पुढे चार दरवाजे, पाच माणसांची जागा आणि मागे उघडा हौदा. हौदा हा शब्द आपण हत्तीलाही वापरतो आणि टेम्पोलाही, हे त्या गाडीकडे बघून मला पहिल्यांदा पटलं. घेतली तेव्हाच ती अवाढव्य होती, पण दादाचं समाधान झालं नाही. तुर्भ्याच्या बाजूला एकजण अशा गाड्या सजवून देतो. त्याच्याकडे ती तीन आठवडे राहिली आणि चार इंच उंच होऊन परतली. टायर माझ्या कमरेला लागतील इतके मोठे. पुढे लोखंडी कठडा, टपावर जाळी, जाळीवर दिव्यांची रांग. बॉनेटच्या शेजारून एक काळं नळकांडं टपापर्यंत चढलं होतं. नदीतून जाताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून ते असतं, असं दादाने सांगितलं. करंजाड्याला नदी आहे, पण तिच्यावर पूलही आहे. मी तसं म्हटलं. दादा म्हणाला, "तुला कौतुक कंदी जमलंच नाय."

ते खरं आहे. मी जुन्या बखरी आवडीने वाचतो. त्यांत हत्तीच्या झुलीचं, घंटांचं, अंबारीचं वर्णन पानभर असतं, आणि हत्ती रोज किती खातो याची ओळ शोधावी लागते. ती ओळ कुठल्या तरी कारकुनाने लिहिलेली असते. मला कायम त्या कारकुनाबद्दल आपुलकी वाटत आली. त्याच्याही हातून काय काय झालं असेल, हा विचार मात्र कधी केला नव्हता.

गाडी चालवायचे मामा. दादाकडे ते बावीस वर्षं होते. विटा वाहणाऱ्या टेम्पोपासून ह्या हत्तीपर्यंतचं प्रत्येक वाहन त्यांनीच चालवलं. मूळचे साताऱ्याकडचे. दादाच्या जुन्या चाळीतली शेवटची खोली त्यांना दिलेली होती, तिथे ते आणि मामी राहायचे. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, दादाही आणि दादाची नातवंडंही. चहासुद्धा अर्धाच घ्यायचे, पुढे गाडी चालवायची आहे म्हणून.

सजवण्याआधी गाडी लिटरला अकरा द्यायची. सजवल्यावर मीटर बघून हिशेब केला तर सात, कधी साडेसात. दादा विचारणाऱ्याला दहा सांगायचा. काही दिवस ते चाललं. मग एका हळदीला, आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी असते, ही गाडी मिरवणुकीच्या पुढे चालली. चालली म्हणजे तीन तास पावलाच्या वेगाने सरकली. हौद्यात नवरामुलगा, त्याच्याशेजारी फेटा बांधलेला दादा, आत एसी लावून बसलेल्या तीन म्हाताऱ्या. मिरवणूक संपल्यावर खुर्च्या मांडून मंडळी बसली असताना दुसऱ्या एका जमीनवाल्याने विचारलं, किती देते. दादा म्हणाला, दहा. तो हसला. त्याच्याकडेही तीच गाडी होती, न सजवलेली.

"दहा कशी देल? माझी अकरा देते ती मोकली हाय म्हनून," तो म्हणाला. "सात देत आसंल. न् सात देत आसंल तर दादा, बघ जरा, गाडी पितेय का मामा."

सगळे हसले. मामा दोन खुर्च्या सोडून उभे होते. तेही हसले. चेष्टा होती ती. पण दादा त्या रात्री जेवला नाही, असं वहिनीने मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दादाने तुर्भ्याच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, वजन वाढलं, टायर मोठे झाले, अकरा आता येणार नाहीत, पण नऊ तरी यायलाच पाहिजेत. सात येत असतील तर माझ्या कामात खोट नाही, बाकीचं तुम्ही बघा. स्वतःच्या कामात खोट नाही असं सांगणारा माणूस ती दुसऱ्या कुणात तरी ठेवून जातो. दादाने मला बोलावलं.

"तू ह्यातला मानूस हायस," तो म्हणाला. "मना आरोप नाय करायचा. मना फक्त खरं काय ते पायजे."

मला हे ऐकून बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. दादाला माझी विद्या लागली, असा तो पहिलाच प्रसंग. मी महिनाभर नोंदी ठेवल्या. एकाच पंपावर, एकाच नळीवर टाकी गळ्यापर्यंत भरायची, मीटरचा आकडा लिहायचा, पुढच्या वेळी पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. मधल्या किलोमीटरना लिटरने भागायचं. गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊन खालून टाकी पाहिली, नळ्या पाहिल्या. कुठे ओल नव्हती. झाकणाला कुलूप होतं. किल्ल्या दोन, एक दादाकडे आणि एक मामांकडे.

त्या महिन्यात मामा दोनदा माझ्याशी बोलले. पहिल्यांदा दंडाची चलनं आली तेव्हा. एक्सप्रेसवेवरच्या कॅमेऱ्याने गाडीला एकशेआठच्या वेगाने जाताना पकडलं होतं. दादा चिडला. मामा म्हणाले की मीटर सत्त्याण्णवच्या वर गेलाच नव्हता. पकडला गेलेला प्रत्येक ड्रायव्हर हेच म्हणतो, म्हणून मी ते सोडून दिलं.

दुसऱ्यांदा पंपावर. मी वहीत आकडा लिहीत होतो. मामा शेजारी येऊन उभे राहिले.

"सायेब, ह्यो मीटर कमी बोलतोय."

"म्हणजे?"

"गाडी पळती जास्त, मीटर लिवतो कमी. म्या दगड मोजतो ना."

टेम्पोचा मीटर पहिल्या वर्षीच बंद पडला होता आणि पुढची सगळी वर्षं तो तसाच होता. त्या काळात मामा अंतर रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून धरायचे. कुठल्या दगडापासून कुठल्या दगडापर्यंत किती डिझेल लागतं, हे त्यांना पाठ होतं. मीटर चालू असलेली गाडी हाताखाली आली तरी ती सवय गेली नव्हती. मला ही गोष्ट मजेशीर वाटली. घरी येऊन मी ती बायकोला हसत सांगितली. आमच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नव्या माणसाला पहिल्या दिवशी एक वाक्य वहीत दहा वेळा लिहायला लावायचो, आणि लावणारा मीच: ज्याने मोजतोस, ते आधी मोज. एकतीस वर्षं.

महिनाअखेरीला मी दादाला कागद दिला. माझ्या नेहमीच्या पद्धतीने, क्रमांक घालून. नोंदींचा कालावधी, भरणाची पद्धत, सरासरी सात पूर्णांक चार. शेवटची ओळ होती: 'वाहनात गळती आढळली नाही.' खाली सही आणि तारीख. त्या ओळीवर मी खूश होतो. कुणावर आरोप नाही, जे दिसलं तेवढंच.

दादाने कागद दोनदा वाचला. मग मामांना ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा. मीही होतो, एका बाजूच्या खुर्चीवर. दादा ओरडला नाही. बावीस वर्षांत तो मामांवर शंभर वेळा ओरडला असेल, त्या दिवशी नाही.

"मामा, किल्ली ठेवा," एवढंच म्हणाला.

मामांनी खिशातून जुडगा काढला. गाडीची किल्ली सोडवली, टाकीच्या झाकणाची सोडवली, दोन्ही टेबलावर वेगवेगळ्या ठेवल्या. खोलीची आपल्या जुडग्यातच राहू दिली, मग तीही काढून ठेवली. ती मागितली नव्हती. जाताना माझ्याकडे वळले.

"तुमी लिवलं?"

मी म्हणालो, मी फक्त आकडे लिहिले. त्यांनी मान हलवली, आकडे समजल्यासारखी.

आठवड्याभरात खोली रिकामी झाली. मामी गावाकडे गेल्या. मामा कळंबोलीला कुठेतरी पाण्याच्या टँकरवर लागल्याचं कळलं. दादा गाडी स्वतः चालवू लागला. मला वाटलं होतं, आता आकडा सुधारेल. तशी इच्छाच होती म्हणा. माणूस आपल्या निष्कर्षासाठी किती हलकट इच्छा करतो, हे त्या दिवसांत कळलं. दोन टाक्या झाल्या. दादाने फोन करून सांगितलं, सात पूर्णांक तीन. मग म्हणाला, "माझा पाय जड हाय." मी हो म्हटलं.

मला झोप लागेना असं झालं, असं लिहिणं सोयीचं होईल. झोप लागत होती. पण दिवसा वाचताना एकच ओळ तीनतीनदा वाचली जायची.

मग पेणला एक साखरपुडा निघाला. दादा चालवत होता, मी शेजारी. त्या गाडीत बसलं की रस्ता खालून जातो, माणसं वरून दिसतात, आणि आपण काही विशेष आहोत असं न ठरवता वाटू लागतं. गोव्याच्या रस्त्यावर रुंदीकरणात बरेच दगड गेले आहेत, पण एका पट्ट्यात पिवळ्या डोक्याचे दगड ओळीने शाबूत होते. एक गेला, दुसरा गेला. तिसऱ्यापाशी मी डॅशबोर्डवरचं बटण दाबून फेरीचा आकडा शून्यावर आणला.

"काय करतोस?" दादाने विचारलं.

मी म्हणालो, काही नाही. पुढचे दहा दगड मोजले. दहाव्याला मीटर म्हणाला, आठ पूर्णांक सात.

हे कळायला दगडही लागत नव्हते. टायर मोठा झाला की चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं. मीटर फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही की पाय बदलले आहेत, तो जुन्याच पायांचा हिशेब देत राहतो. अंतर कमी दाखवतो, म्हणून अ‍ॅव्हरेज कमी. वेगही कमी दाखवतो, म्हणून कॅमेऱ्याचं चलन खरं आणि मामाही खरे. नववीतल्या मुलाला सुटेल असं हे गणित आहे. सात पूर्णांक चार म्हणजे खरे साडेआठ. तुर्भ्याच्या माणसाचे नऊ आणि हे साडेआठ, यांच्यामधलं डिझेल हळदींच्या मिरवणुकांत आणि सोसायट्यांच्या गेटपाशी एसी चालू ठेवून उभं राहण्यात गेलं होतं. कुणीही काहीही काढलं नव्हतं.

मी दादाला गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि हे सगळं सांगितलं.

"दगड चुकीचे आसतील," तो म्हणाला. "सरकारी हायत."

मी फोनवरचा नकाशा दाखवला. त्यावरही दहाच किलोमीटर होते. त्याने नकाशा बोटांनी मोठा करून पाहिला आणि फोन परत दिला. बाजूने ट्रक जात होते आणि आमची एवढी मोठी गाडीही प्रत्येकाबरोबर थोडी हलत होती.

"मंग काय, टायर काढू?" त्याने विचारलं.

"टायरचं नाही बोलत मी, दादा. मामांचं बोलतोय."

"कुठल्या तोंडाने बोलवू त्यांना?" आणि मग, आवाज न चढवता, "लिवलंस तू."

साखरपुड्याला आम्ही गेलो, जेवलो. गाडीभोवती मुलं जमली. कुणीतरी विचारलंच, किती देते. दादा दार उघडून गाडीत बसला.

चार दिवसांनी मी कळंबोलीला गेलो. टँकर भरतात ती जागा शोधायला वेळ लागला नाही, चिखलाच्या मागे जायचं. मामा टँकरच्या सावलीत बसले होते. मला पाहून उठले, त्याचं मला वाईट वाटलं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की तुमचं बरोबर होतं, मीटर कमी बोलत होता.

"ते मला ठावं हुतं," मामा म्हणाले.

मग बोलता बोलता हळूहळू बाकीचं कळलं. ड्रायव्हर लोकांत बातमी लवकर फिरते. टँकरच्या मालकाने घेताना विचारलं होतं, आधीचं काम का सुटलं. मामांनी खरं ते सांगितलं, कारण दुसरीकडून कळलं असतं. मालकाने कामावर घेतलं, पण रोज संध्याकाळी तो टाकीत काठी घालून डिझेल कुठवर आहे ते बघतो. पाच टँकर आहेत त्याचे. काठी एकाच टँकरला घालतो. गावी जावयाच्या कानावरही गेलं होतं. मामी फोनवर त्यावर काही बोलत नाहीत, आणि मामा विचारत नाहीत.

मी म्हणालो, दादाकडे परत चला, मी बोलतो त्याच्याशी. त्यांनी हाताने ते बाजूला सारलं.

"कागद द्या," ते म्हणाले. "तवा लिवलं हुतं तसं आता लिवा."

घरी जाऊन मी लिहिलं. दादाकडे सहीसाठी नेलं. त्याने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "ह्यो कागद करंजाड्यात फिरला तर लोक मना काय बोलतील?" मी म्हणालो, मामांबद्दल खोटं बोलले, तुझ्याबद्दल खरं बोलतील. सही त्याने केली नाही. पण मी निघताना त्याने विचारलं, मामा बरे आहेत ना. मी म्हणालो, नाहीत.

माझ्या एकट्याच्या सहीचा कागद घेऊन मी पुन्हा कळंबोलीला गेलो. मामांनी चष्मा लावला आणि अक्षरांखाली बोट फिरवत वाचला. 'मोठ्या व्यासाच्या टायरांमुळे अंतरमापकाची नोंद प्रत्यक्षाहून कमी आढळली. सबब पूर्वीचा निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे.' बोट शेवटपर्यंत गेलं आणि पुन्हा वर आलं.

"ह्यात टायर हाय, मीटर हाय," मामा म्हणाले. "म्या कुठं हाय?"

मी सांगू लागलो की पहिल्या कागदातही तुमचं नाव नव्हतं, मी कुठेही चोरी लिहिलेलं नाही.

"तुमी न्हाई लिवलं. वाचताना तसंच वाचलं गेलं."

मी कागद उलटा केला, टँकरच्या चाकावरच्या पत्र्यावर ठेवला आणि पेन काढलं. गळती आढळली नाही, निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे. एकतीस वर्षं मी अशी वाक्यं लिहिली, ज्यांत कुणीच काही करत नाही. आता माणसाचं वाक्य लिहायचं होतं आणि पहिल्याच शब्दाला अडलो.

"मामा, तुमचं पूर्ण नाव काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून लग्नांना, मयतांना, दवाखान्यांत गेलो होतो. त्यांनी तीन शब्द सांगितले, स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, शाळेत हजेरीला सांगावं तसे. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिथे लिहिलं. पुढे लिहिलं की यांनी गाडीतून डिझेल काढलं नाही, कधीच नाही. मी मीटर न तपासता हिशेब केला, चूक माझी आहे.

मामांनी ते वाचलं, घडी घातली आणि लायसन ठेवतात त्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं. "मालकांची सही?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही दिली. "बरं," ते म्हणाले. टँकर भरून पाणी वाहू लागलं होतं, त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं.

आठवड्याने मी फोन केला. कागद दाखवला का, विचारलं.

"दावला. मालक म्हनला, बरं झालं. आन् काठी घातली."

मी त्या मालकाशी येऊन बोलतो, असं काहीतरी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या सायेब," मामा म्हणाले. मागे पाण्याचा पंप चालू होता. "काठीचं काय न्हाई. काठी खोटं बोलत न्हाई."